न्हाणीघरातले रुग्ण

तीर्थरूप ताईस धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी गुडघे सध्या रजेवर आहेत, सात अंगांवर भागवून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजी अजून पेपर मोठ्याने वाचतात का? आम्ही मजेत आहोत.

तुला ठाऊकच आहे, माझे गच्चीवरचे टोमॅटो दरवर्षी ऐन फुलोऱ्यात माना टाकतात. रोग मातीतच मुरलेला. यंदा हिने निक्षून सांगितलं, पुन्हा रोपं मेली तर कुंड्या भंगारात आणि गच्चीवर कपड्यांच्या दोऱ्या. मी तडक रोपवाटिका गाठली गं! तेव्हा रोपवाटिकेवाल्याने युक्ती सांगितली. रानवांग्याचं मूळ या रोगाला भीक घालत नाही, त्यावर टोमॅटोच्या शेंड्याचं कलम बांधा. (म्हणजे माझ्या माहेरचं चिवट मूळ आणि तुमच्या घराण्याचा नाजूक शेंडा, इति ही.)

मी ब्लेडने तिरपे काप दिले आणि सांध्यांना हिचे केसांचे चाप लावले. पण सांधा जुळेपर्यंत कलमांना अंधारी, दमट, बंद जागा लागते, आणि आमच्या घरात तशी जागा एकच, न्हाणीघर. दारावर चिठ्ठी लावली, ‘आत रुग्ण आहेत, दार उघडू नये.’ आम्ही बादल्या घेऊन शेजारच्या निवृत्त नर्सबाईंकडे अंघोळीला जाऊ लागलो. (कारण विचारायला त्यांना संकोच वाटे.) एकदा त्या मोसंबी घेऊन भेटायला आल्या, चिठ्ठी वाचली आणि जुन्या सवयीने थेट आत शिरल्या. दिवा लावून, खिडकी उघडून म्हणाल्या, “यातलं सिरियस कोण?”

त्या गेल्या, खिडकी मात्र उघडीच राहिली. बाजारातून येऊन पाहतो तर सगळी कलमं लोळलेली. संपलं सगळं, म्हणून मी गच्चीत जाऊन कुंड्यांचा निरोप घेतला. खाली आलो तर न्हाणीघराचं दार बंद. फटीतून पाहिलं, ही अंधारात स्टुलावर बसून इस्त्रीच्या फवाऱ्याने एकेका रोपावर पाणी मारत होती. मी दिसताच म्हणाली, “माझे चाप अडकलेत ना त्यात!” खरं सांगतो ताई, मला भरून आलं. सकाळी कलमांनी माना वर केल्या. आता गच्चीत टोमॅटोच टोमॅटो आहेत आणि मी सुखात आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझी फार आठवण येते. रविवारी दोघं राहायला येतोय.

ता. क. तुमच्या न्हाणीघराला खिडकी नाही ना? नर्सबाईंनी आम्हाला त्यांच्याकडे अंघोळीला यायची बंदी केली आहे.

ता. क. वन्सं, ह्यांच्यावर रागावू नका. या खेपेची, सोबत आणतोय ती ढोबळी मिरचीची कलमं माझी आहेत. भाऊजींना म्हणावं, पेपर जरा हळू वाचा, रुग्णांना विश्रांती हवी असते.