पाटीची कोरी बाजू

प्रिय बाबा,

दादाकडे तुमचं बरं चाललंय, असं वहिनी सांगते. तिच्या जेवणाच्या खुर्च्या उलट्या करून तपासल्यात, हेही हसत सांगते. मी नोकरी सोडून तुमचं खुर्च्या-सोफ्यांचं दुकान पुन्हा उघडलं, त्याला दोन महिने झाले. तेव्हापासून फोनवर तुम्ही नुसतं हं हं करता. लहानपणी वाटायचं, तोंडात खिळे धरून काम करणारा माणूस बोलणार तरी कसा! आता खिळे माझ्या तोंडात असतात, तरी तुमचं हं हं काही सुटत नाही.

काल दुकानाच्या नावाची नोंदणी करायला नगरपालिकेत गेले. नाव ठरवायचा प्रश्नच नव्हता. सगळे तुम्हाला 'खुर्चीवाले' म्हणतात, पाटीवरही तेच आहे. डाव्या बाजूला नाव आणि उजवी अर्धी पाटी कोरी! लोक हसायचे, मला तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. विचारलं की तुम्ही म्हणायचात, रंग संपला.

खिडकीतल्या बाईंनी यादी पाहिली आणि अर्ज परत सरकवला. अशाच एका नावाची नोंद आधीच आहे, मालकाच्या संमतीशिवाय मिळणार नाही, म्हणाल्या. माझं डोकंच फिरलं. माझ्या बापाने जन्मभर कमावलेलं नाव लाटलं कुणी, म्हणून मी भांडायलाच उभी राहिले. मागची रांगही माझ्या बाजूने झाली. बाईंनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. 'खुर्चीवाले आणि लेक'. मालक म्हणून तुमची सही, तारीख मी नऊ वर्षांची असतानाची. पुढे दरवर्षी नूतनीकरण. दुकान बंद होतं त्या तीन वर्षांतसुद्धा, टपालाने. सही तेवढी वाकडी होत गेलेली.

धन्य आहे तुमची! घरी माझ्या हातातली हातोडी काढून घ्यायची, अभ्यास कर म्हणून दटावायचं, आणि सरकारदरबारी मला भागीदार करून ठेवायचं? माझ्या पायात बेडी नको म्हणून पाटीवर लिहिलं नाहीत, हे मला खिडकीपाशीच कळलं. मी रडले. मग मागच्या माणसांना बोलावून ते पान दाखवलं. हे माझे वडील, आणि ही लेक म्हणजे मी, असं तिथल्या शिपायालाही सांगितलं. इतका अभिमान मला पहिल्या पगाराच्या दिवशीही वाटला नव्हता.

आता कामाचं. संमतीपत्र सोबत आहे. लेक म्हणून माझी सही केली आहे, वरची जागा तुमची. हात थरथरतो ही सबब नको. वाकडी सही चालते, मी विचारून ठेवलंय. मात्र ते टपालाने पाठवू नका, स्वतः घेऊन या. गुरुवारी रंगारी येतोय. रंगाचे दोन डबे आणलेत, त्यामुळे संपला म्हणायची सोय नाही. 'आणि' कुठून सुरू करायचं ते त्याला तुम्हीच दाखवा. जागा तुम्ही सोडली आहे.

तुमचीच,
लेक