वजनाचा रविवार

शिरूर,
मंगळवार

प्रिय डायना,

सरूबाईनं हे पत्र तुझ्या हातात दिलं की आधी दाराची कडी लाव आणि मगच वाचायला बस. पिशवीतला ब्लाऊज बाजूला ठेव, मी तो या वेळी आत घेतलेला नाही. फोन करायचा सोडून ताई कागद कशाला खरडत बसली, असं तुला वाटेल. तुझा फोन ख्रिस्तोफरच्या हातात असतो हे मला नाताळातच कळलं होतं. मी ‘जेवलीस का’ असं विचारलं की ‘हो ताई, पोटभर’ एवढंच उत्तर यायचं. तू मला जन्मात कधी ‘पोटभर’ असं लिहिलेलं नाहीस. तू काय काय जेवलीस त्याची यादी पाठवायचीस, चटणीसकट, आणि वर मी काय जेवले ते विचारायचीस.

सरूबाईला तुझ्या ओट्यावर बसू दे. तिला सगळं माहीत नाही, पण जेवढं तिनं हातानं चाचपलंय तेवढ्यावरच तिचा जीव थाऱ्यावर नाही. परवा हातशिलाईला बसली असताना तिनं तुझा तो लग्नातल्या जेवणाचा हिरवा ब्लाऊज उचलला, उलटापालटा केला आणि मला म्हणाली, आगं दबोराबाई, ह्यो डायनाचाच हाय न्हवं, का तिच्या लेकीचा? मी म्हटलं, तिला कुठली आलीय लेक. तर ब्लाऊज मांडीवर ठेवून म्हणाली, मंग ही पोरगी चाललीय कुठं?

लग्नाच्या वेळी तुझ्या छातीचं माप चव्वेचाळीस होतं. आत दोन्हीकडून जादा कापडाची भरपूर माया ठेवून मी तो शिवला होता, कारण आपल्याकडच्या बायका लग्नानंतर भरतात, आटत नाहीत. गेल्या आठ महिन्यांत तो तीनदा आत घ्यायला आला. तिसऱ्या वेळी छत्तीस. आता चौथ्यांदा आलाय आणि सोबत ख्रिस्तोफरच्या अक्षरात चिठ्ठी आहे, ‘अजून दीड इंच’. मी वीस वर्षं बायकांची मापं घेते. आजारी बाईचं माप कसं उतरतं ते मला समजतं, आणि आनंदानं बारीक झालेलीचंही. हे दुसरं नाही, डायना.

आता तुला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी आजपर्यंत तुझ्यापासूनही लपवली. तुझी लाडकी लेखिका रानजाई, जिच्या कादंबऱ्या तू मोबाइलवर भागांमागून भाग वाचायचीस, ती मीच आहे. हसू नकोस. आठवतं, दुपारी गिऱ्हाईक नसायचं तेव्हा तू दुकानात कापडांच्या गठ्ठ्यावर मांडी ठोकून मला तिचे भाग मोठ्यानं वाचून दाखवायचीस? मी मशीनवर मान खाली घालून बसायचे आणि कान लाल व्हायचे माझे. तू म्हणायचीस, ताई, हिला भूक लागते तेव्हा ही जेवते, मग प्रेमात पडते, हे मला फार आवडतं. तेवढ्या एका वाक्यावर मी पुढची कादंबरी लिहिली.

मी अशा जाड्या नायिका का लिहायला लागले ते तू ओळखशील. मला बघायला शेवटचे पाहुणे आले होते तेव्हा मामींनी चर्चमधून खुर्च्या आणल्या होत्या, प्लास्टिकच्या, हात असलेल्या. मी आत चहाचा ट्रे धरून उभी आणि डोक्यात एकच विचार, आपण त्या खुर्चीत मावू का. मावले, पण उठताना खुर्ची माझ्याबरोबर उठली. तू बाहेर येऊन मुद्दाम किटली सांडलीस, म्हणजे सगळे तुझ्याकडे बघतील. चौदा वर्षांची होतीस तू. मावशी गेल्यावर तू आमच्याकडे वाढलीस, सगळे तुला माझी मावसबहीण म्हणतात, पण त्या दिवसापासून मला दुसरी सख्खी बहीण नको होती. त्यानंतर मी लग्नाचा विषय काढू दिला नाही आणि चार-पाच वर्षांनी लिहायला लागले. कागदावर तरी कुणी माझ्यासारखीवर जीव टाकू दे, असं मला वाटायचं. यात लाजायचं काही नाही हे मला आता कळतंय.

पहिल्या कादंबरीतली अनुपमा निमोण्याची होती, ब्याण्णव किलोची. तिचा नायक पाटसच्या कारखान्यात उसाच्या काट्यावर कारकून. ती त्या काट्यावर उभी राहते, पाय आपटते, आणि तो म्हणतो, हितं ट्रॅक्टरबिगर कुणाचं वजन धरत न्हाईत. त्या वाक्यावर बायका वेड्या झाल्या होत्या. तू ते वाक्य स्वयंपाकघरात खडूनं लिहून ठेवलं होतंस.

तुझं लग्न झालं आणि महिन्याभरानं मला एक नवी वाचक मिळाली. ज्ञानेश्वरी असं नाव, फोटोच्या जागी जास्वंद. आमचं लिहिणं कसं चालतं तुला ठाऊक आहे. एक भाग टाकायचा, खाली अभिप्राय येतात, त्यांचा कल बघून पुढचा भाग वळवायचा. ही ज्ञानेश्वरी फार गोड लिहायची. म्हणायची, ताई, नायिकेला आहे तशी ठेवणं म्हणजे नायकाचा आळस. खरं प्रेम असेल तर तो तिला घडवेल. मला ते पटलं नव्हतं. पण त्याच आठवड्यात मी चौफुल्याला जाताना एसटीत चढले, आणि कंडक्टर सगळ्यांसमोर म्हणाला, ताई, दीड तिकीट फाडू का? सगळी गाडी हसली, मीही हसले. घरी येऊन नव्या कादंबरीतल्या वैष्णवीला मी बारीक करायला घेतलं. कुणावर राग होता आणि मी तो कुणावर काढला, बघ.

त्या कादंबरीतला ‘वजनाचा रविवार’ हा भाग माझा सगळ्यात जास्त वाचला गेलेला भाग आहे. पृथ्वीराज दर रविवारी उपासनेहून आल्यावर वैष्णवीला काट्यावर उभी करतो, आकडा बघतो आणि तो कमी झाला असेल तर तिच्या कपाळाचं चुंबन घेतो. वाढला असेल तर काही बोलत नाही, नुसता दिवसभर गप्प राहतो. हे मी प्रेम म्हणून लिहिलं, डायना. अगदी हळुवार शब्दांत लिहिलं. हजारो बायकांनी खाली बदामाची चित्रं टाकली आणि त्यांत तुझंही एक होतं.

पुढं ज्ञानेश्वरी एकेक सुचवत गेली आणि मी लिहीत गेले. फराळाच्या कपाटाला कुलूप, आणि किल्ली नायकाच्या गळ्यात. वैष्णवीनं वजन स्वतःच्या अक्षरात वहीत लिहायचं आणि खाली ‘मी हे माझ्या खुशीनं करते आहे’ असं लिहून सही करायची. अंगातलं पाणी काढणाऱ्या गोळ्या तेवढ्या मी लिहिल्या नाहीत, कारण त्या काय असतात ते मला माहीत नव्हतं. ज्ञानेश्वरीला माहीत होतं.

फेब्रुवारीत मी तुमच्याकडे दौंडला आले तो दिवस तुला आठवत असेल. ख्रिस्तोफर किती अगत्यानं वागला. स्वतः चहा केला, बशीत बिस्किटं लावली, माझ्या पाया पडला. तो कधी आवाज चढवत नाही, चर्चमध्ये पहिल्या रांगेत उभा राहून गातो, सगळं दौंड त्याला देवमाणूस म्हणतं. आम्ही बोलत होतो आणि तू त्या बिस्किटांकडे बघत होतीस, आणि तो तुझ्याकडे बघत होता. सोफ्याशेजारी वजनकाटा होता. कपाटाला कुलूप होतं. त्यानं मान वळवली तशी त्याच्या शर्टाच्या आत गळ्यात क्रुसाशेजारी बारकी किल्ली लोंबताना मला दिसली. तरी मी स्वतःला समजावलं, की नवराबायको दोघं मिळून कादंबरी वाचतात, हौसेनं करत असतील. तू मला गेटपर्यंत सोडायला आलीस, दोनदा भिंतीला हात लावलास आणि म्हणालीस, ताई, तो माझ्यासाठी किती करतो गं, अगदी रानजाईच्या पुस्तकातल्यासारखं. मी बसमध्ये बसले आणि तुला सोबत न्यायला उतरले नाही. त्याबद्दल मला स्वतःची जी चीड येते ती मरेपर्यंत जाणार नाही.

तरीही ज्ञानेश्वरीशी मला त्याचं नाव जोडता आलं नव्हतं. ते जुळलं मागच्या सोमवारी. ज्ञानेश्वरीनं एक प्रसंग सुचवला. लिहिलं होतं, पृथ्वीराज वैष्णवीच्या हिरव्या ब्लाऊजची आतली बाजू बघतो. तिथं शिवणीच्या तीन रेघा आहेत, दोन हिरव्या, तिसरी काळ्या दोऱ्याची. तो त्या रेघांवरून बोट फिरवतो आणि त्याला समाधान वाटतं. मी मशीनवरच बसले होते. तिसऱ्या वेळी तुझा ब्लाऊज आत घेताना माझं हिरवं रीळ संपलं होतं, आणि आत कोण बघतंय म्हणून मी काळा दोरा ओवला होता. ही गोष्ट मला माहीत होती, सरूबाईला माहीत होती, आणि ज्याच्या घरात तो ब्लाऊज आहे त्याला. तू असं लिहिणार नाहीस. समाधान हा शब्द तुझा नाही.

म्हणजे दीड वर्षं तो मला विचारत होता आणि मी त्याला सांगत होते. मी लिहायचं, त्यानं ते तुला दाखवायचं, की बघ, तुझी रानजाईसुद्धा हेच म्हणते. तुझा माझ्यावर जेवढा विश्वास, तेवढा त्याच्या हाती लागला. माफी कशी मागतात ते मला सुचत नाही. तू भेटशील तेव्हा तुझ्यापुढं बसेन, तुला हवं ते बोल.

आता एवढं लांबण का लावलं ते सांगते. तू नुसतं नीघ म्हटल्यावर निघणार नाहीस, त्याची बाजू घेशील, म्हणून सगळं क्रमानं लिहिणं भाग होतं. शुक्रवारी दुपारी ज्ञानेश्वरीचा निरोप आला. शेवट असा करा ताई, असं लिहिलंय. वैष्णवी एके सकाळी उठतच नाही. शांतपणे जाते. पृथ्वीराजला कुणी दोष देत नाही, कारण वही तिच्याच अक्षरात आहे, खाली तिचीच सही आहे. तिच्या माहेरची माणसं त्याला जवळ घेऊन रडतात. आणि सगळ्यात खाली विचारलं होतं, वाचक त्याला माफ करतील ना? मी उत्तर दिलं, हो, अगदी असाच शेवट करते, थोडा धीर धरा. तेव्हापासून मी रोज एक भाग टाकतेय आणि गोष्ट पुढं सरकू देत नाहीये. पाहुणे आणले, साखरपुडा घातला, वैष्णवीला दोन दिवस कासुर्डीला धाडलं, कारण त्याला माफी मिळते की नाही हे वाचल्याशिवाय तो काही करणार नाही, असं माझं मन मला सांगतं. त्यावर किती दिवस विसंबायचं? म्हणून त्याला कळवलंय, की शेवटचा भाग बुधवारी, म्हणजे तू हे वाचतेस त्याच दिवशी, बरोबर दोनला येईल. दोनला त्याची ड्यूटी सुटते. तो भाग मी आजवर लिहिला नाही एवढा लांब लिहिलाय, आणि तो उभ्या उभ्या तिथंच वाचणार, घरी यायच्या आधी. त्याचं वाचून संपेपर्यंत तुमची गाडी चौफुल्याच्या पुढं गेलेली असली पाहिजे. इसहाकमामा गाडी घेऊन मागच्या गल्लीत उभे आहेत, इथल्या डॉक्टरांशी त्यांनी बोलून ठेवलंय. तुझ्याकडूनही त्यानं तशी वही लिहून घेतली असेल, ती तेवढी घे. कपडे घेऊ नकोस, कपडे मी शिवीन. आरशात बघू नकोस, चिठ्ठी लिहू नकोस, घड्याळ बघ. चप्पल घाल आणि सरूबाईचा हात धरून नीघ.

तुझीच,
दबोराताई