आजारी काच

२ मार्च, सकाळी
संकल्प: तीस तारखेच्या संग्राहकांच्या प्रदर्शनाआधी घरातल्या एकूण एक सोडा-बाटल्यांचं वय ठरवून यादी करणे. एकेचाळीस बाटल्या. रोज चार. सहज होईल.

बाबांच्या सोड्याच्या कारखान्यात मी याच बाटल्यांमध्ये लहानाची मोठी झाले. बाबा म्हणायचे, बाळ, डोळ्यांवर जाऊ नकोस, काच फसवते. नख लाव आणि बुडापासून वर ने. साच्याच्या सांध्याची रेघ ओठाआधी थांबली, तर गळा हाताने घडवलेला, बाटली जुनी. ओठावरून पार गेली, तर मशीनची, अलीकडची.
नख नवशिक्यांसाठी. माझी नजर तयार आहे.

६ मार्च
भंगारवाल्याने हिरवी बाटली आणली. क्रमांक बेचाळीस. आत दाट धुकं. वर्षानुवर्षं मातीत राहिलेली काच अशी आजारी पडते. आणि बुडाला चांदणी! बाबांच्या पहिल्या शंभर बाटल्यांवर चांदणी होती. एकही उरली नाही म्हणून ते शेवटपर्यंत हळहळत.
रडले थोडी.
सूनबाई म्हणाली, आई, मी घासलीय ना, लख्ख आहे. आजकालच्या मुलींना धुकं दिसत नाही.

११ मार्च
बाकीच्या बाटल्यांनाही धुकं धरलंय. हा आजार पसरतो असं कुठे वाचलं नव्हतं. हिरवी वेगळी ठेवली. तरी खिडकीच्या काचांना लागलाच.
हे म्हणाले, अगं, सगळ्या जगाला मोतीबिंदू झालाय आणि तू एकटी ठणठणीत? डोळे दाखव.
यादी संपली की दाखवीन. यादी: नऊ बाटल्या.

१५ मार्च, संध्याकाळी
दिव्याभोवती इंद्रधनुष्याचं कडं दिसलं. जुन्या काचेवर असेच रंग चढतात. स्वयंपाकघरातला बल्बही जुना असावा, नोंद करायला हवी.
डावी भुवई ठणकतेय. दोनदा उलटी. फिनेलच्या वासाने.
हे म्हणाले, डावा डोळा लालभडक झालाय. म्हटलं, कांदा चिरला. म्हणाले, आज दूधभात होता.

१९ मार्च
दाराची चौकट डाव्या खांद्याला लागली. पुन्हा तीच. सुताराला बोलावलं. तो म्हणाला, बाई, चौकट जागची हललेली नाही. न तपासता म्हणाला.
चहा कपाशेजारी ओतला. यांनी पाहिलं, मुकाट्याने फडकं घेऊन पुसलं. एरवी दिवसभर चिडवलं असतं. यांचं गप्प राहणं मला आवडलं नाही.
सूनबाईला यादी दाखवली. म्हणाली, आई, ओळीवर ओळ आलीय. म्हटलं, आम्हाला कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी कर्सिव्ह शिकवलंय, तुम्हाला वाचता येत नाही.

२२ मार्च
यांनी परस्पर डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. मी फोन करून रद्द केली. इंग्रजीतून. कॉन्व्हेंटचं इंग्रजी ऐकलं की समोरचा वाद घालत नाही.
प्रदर्शन झालं की जाणारच आहे. दुखायचंही कमी झालंय. म्हणजे बरं वाटायला लागलंय.

३० मार्च
प्रदर्शन. टेबलाच्या मधोमध बेचाळीस नंबर. चिठ्ठी सूनबाईकडून लिहून घेतली: 'हातघडणीची, सुमारे ऐंशी वर्षांपूर्वीची, माझ्या वडिलांच्या कारखान्यातली.'
भिंगवाले आले. संग्राहकांत सगळ्यांत जाणते. गळ्यातल्या भिंगाशिवाय त्यांना कुणी पाहिलेलं नाही. त्यांनी बाटली उचलली, नख बुडापासून वर नेलं. चिठ्ठी हळूच पालथी ठेवली.
विचारलं, ताई, नख लावलं होतं? म्हटलं, मला गरज पडत नाही.
मग भिंग डोळ्याला लावलं, पण बाटलीकडे नाही, माझ्या डाव्या डोळ्याकडे पाहत राहिले. यांना बाजूला नेऊन काहीतरी बोलले. येताना रिक्षात यांनी माझा हात सोडला नाही.

३१ मार्च
डॉक्टर तरुण आहेत. हळू बोलतात. डोळ्यातला दाब वाढला होता. उजवा वाचवू म्हणाले. डाव्याचं जे गेलं, ते परत येणार नाही.
विचारलं, दिव्याभोवती रंग कधीपासून? मी रुबाबात म्हटलं, पंधरा मार्च, माझ्याकडे नोंद आहे. ते पेन खाली ठेवून म्हणाले, आजी, त्याच दिवशी यायला हवं होतं.


घरी येऊन हिरवी बाटली मांडीवर घेतली. दोन्ही डोळे मिटले. नख बुडापासून वर. पोट. खांदा. गळा. ओठ. रेघ थांबली नाही.
बुडाला बोट फिरवलं. चांदणी नाही. मशीनने पाडलेले बारीक ठिपके आहेत, गोल रांगेत. दोनदा मोजले.
यांना म्हटलं, यादीत लिहा, क्रमांक बेचाळीस, अगदी अलीकडची. तुम्हीच लिहा. मला ओळ सापडत नाहीये.