आईला आगगाडीच हवी होती

मंगळवार, १९ मे
दुपार

प्रिय दादा,

आम्ही दोघी सुखरूप आहोत. हे आधीच लिहिलं, कारण तू पहिली ओळ वाचून शेवटच्या ओळीवर उडी मारतोस. आज मारू नकोस. वहिनीच्या पायांची सूज उतरली का? डॉक्टरांनी तारीख तीच ठेवलीय ना? आई रोज विचारायची. कालपासून तिने विचारलं नाही, म्हणून मी विचारतेय.

फोनवर सांगायला गेले तर तू मध्येच बोलतोस आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून हाताने लिहून पानांचे फोटो पाठवतेय. अक्षर कोंबडीच्या पायासारखं आलंय, समजून घे.

विमान की आगगाडी या आपल्या भांडणाचं आधी सांगते. युरोपातली पाच शहरं विमानाने कशी तासा-तासात उरकतात, हे तू समजावून समजावून दमलास आणि आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, "मला आगगाडीनेच जायचंय." बाबा गेल्यापासून तिने कशाचा हट्ट धरलेला मला आठवत नाही. मग तडजोड झाली. पहिल्या शहराहून दुसऱ्याचा टप्पा तुझ्या विमानाचा, बाकी सगळे आगगाडीचे.

तुझ्या विमानाचं ऐक. विमानतळ शहराबाहेर, तिथे पोचायलाच अर्धी सकाळ गेली. मग रांग, बूट काढा, पट्टा काढा. आईच्या पिशवीतून कापडाची एक गुंडाळी निघाली. आत पुस्तक बांधायची तिची हत्यारं. जाड सुया, कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी आणि तिचा तो जुना दाभण, लाकडी मुठीचा, ग्रंथालयाच्या बांधणी विभागात असल्यापासूनचा. सुरक्षावाल्या बाईंनी दाभण काढून डब्यात टाकला. आई त्यांच्याशी हुज्जत घालायला लागली. आपली आई, जी भाजीवाल्यालासुद्धा कधी उलट बोलली नाही. शेवटी डोळ्यांत पाणी आणून बाजूला झाली. मी म्हटलं, "आई, सहलीला कोणी दाभण आणतं का?" ती उरलेली गुंडाळी पुन्हा बांधत राहिली. मला वाटलं, वय झालंय, काय भरायचं ते कळत नाही. तुला फोनवर मी तो किस्सा विनोद म्हणून सांगितला होता. आपण दोघं हसलोही होतो.

आगगाडीत मात्र ती खुलली. गाडी शहराच्या मधोमध सोडते, मधोमध उचलते, गुडघ्यांना त्रास नाही. खिडकीशी बसून ती मला सांगायची, "आता बोगदा येईल. बाहेर पडलो की डावीकडे तळं." आणि खरंच तळं यायचं. "पुढे पिवळ्या भिंतींचा कारखाना." तोही यायचा. मी म्हटलं, चांगलीच तयारी करून आलीस. ती म्हणाली, "ऐकलंय थोडंफार." कोणाकडून, हे मी विचारलं नाही. मी माझ्या फोनमध्ये होते.

तिसऱ्या शहरापासून ती गप्प होत गेली. सारखी फोन काढायची, बघायची, ठेवायची. मी विचारलं, दादाच्या फोनची वाट बघतेयस का? तर म्हणाली, "नाही गं, आपलं उगाच." जेवण अर्धं टाकायला लागली. मला वाटलं, दमली.

आता जे सांगायचंय ते सांगते.

आम्ही आज चौथ्या शहरात नाही आहोत. तू आखून दिलेल्या तक्त्यात नसलेल्या एका छोट्या गावात आहोत. इथे विमानतळ नाही. जलद गाडीसुद्धा थांबत नाही. म्हणूनच काल आईने संथ गाडीचं तिकीट काढायला लावलं होतं. मला म्हणाली, निवांत जाऊ, देखावा बघू. मी काढलं. गाडी या गावात थांबली तशी ती उठली आणि म्हणाली, "पिशव्या घे. आपण इथे उतरायचंय."

उतरलो. फलाटावर एक झाडूवाला होता. आई त्याच्याजवळ गेली आणि त्याच्याशी बोलली. दादा, ती त्याच्या भाषेत बोलली. अडखळत, पण वाक्यच्या वाक्य. त्याने उत्तर दिलं, ते तिला कळलं, तिने मान हलवली. मी पिशवी हातात धरून उभी. कोणीतरी आपल्या आईच्या तोंडून बोलतंय असं वाटलं.

"आई, तुला ही भाषा येते?"

"थोडी."

"कधीपासून?"

"तू फोनवर असायचीस तेव्हापासून." मग हसून म्हणाली, "तुम्हाला वाटायचं ना, मी कानाला लावून जुनी गाणी ऐकते? ते धडे होते."

मग बाकावर बसून तिने सांगितलं. जुनी पुस्तकं दुरुस्त करणाऱ्या लोकांचा इंटरनेटवर एक गट आहे. तिने स्वतः पुन्हा बांधलेल्या, वाळवी लागलेल्या एका नकाशांच्या पुस्तकाचा फोटो टाकला होता. इथल्या एका बाइंडरने विचारलं, चिकटवायच्या खळीत काय घालता? तिने सांगितलं. त्यांनी करून बघितली आणि फोटो पाठवला. मग दोऱ्याबद्दल बोलणं झालं, मग चामड्याबद्दल, मग रोज. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही, थोरली बहीण सोबत राहते. खिडकीतलं ते तळं, तो कारखाना, सगळं त्यांनीच तिला सांगितलेलं. "विमानातून हे काही दिसलं नसतं," ती म्हणाली. हत्यारांची गुंडाळी त्यांच्यासाठी आणली होती. दाभणसुद्धा.

मी विचारलं, "म्हणजे नक्की काय, आई?"

"म्हणजे आम्ही लग्न करायचं म्हणतोय."

मला हसू आलं की रडू, आठवत नाही. तोंडातून निघालं ते एवढंच, "दादाला काय सांगायचं?"

"दादाला मी सांगेन," ती म्हणाली. "तुम्हाला विचारणार नव्हतेच. सांगणार होते. बाळंतपणाला मी येणारच आहे, तो शब्द मोडणार नाही. त्याच्यानंतरचं माझं मी ठरवलंय."

ते स्टेशनवर घ्यायला येणार होते. तिने केस पुन्हा विंचरले. गाडीचे लोक पांगले, झाडूवालाही गेला. कोणी आलं नाही. गेले काही दिवस ते फोन उचलत नव्हते, हे तिने मला तेव्हा सांगितलं. "कामात गढले की असंच करतात," म्हणाली, पण ते मला सांगत नव्हती, स्वतःलाच सांगत होती. मला राग यायला लागला होता. वाटलं, फसवलं हिला कोणीतरी.

"चल," ती उठली. "दुकान मला माहीत आहे." आयुष्यात पहिल्यांदा आलेल्या गावात ती न विचारता चालत गेली. औषधाच्या दुकानाशी वळली, उतार उतरली, हिरव्या दाराशी थांबली. फोनवर त्यांनी तिला रस्ता चालून दाखवला होता. दार बंद होतं. काचेतून आत पुठ्ठे रचलेले दिसत होते.

शेजारच्या दारातून एक म्हातारी बाई आली. आईकडे बघून थबकली आणि तिला नावाने हाक मारली. ही त्यांची थोरली बहीण. तिने आईचे दोन्ही हात धरले आणि एक वाक्य बोलली. आईने नाही म्हणून मान हलवली. तिला कळलं नाही. तिने पुन्हा सांगायला सांगितलं. बहिणीने पुन्हा सांगितलं, हळू, तोडून तोडून. त्यातला एक शब्द आईला येत नव्हता. तिच्या धड्यांत तो आला नसावा. ती माझ्याकडे बघून ओशाळं हसली, परीक्षेत अडल्यासारखी.

मग त्या बाईने फोन काढला, त्यात काहीतरी लिहिलं, भाषांतर केलं आणि फोन माझ्या हातात दिला. पडद्यावर मराठी होतं. "माझा भाऊ गुरुवारी मृत आहे. हृदय. आम्ही त्याला शनिवारी पुरले. मला तुमचा नंबर नाही होता."

दादा, मी ते वाचलं आणि आई माझ्या तोंडाकडे बघत होती. "काय म्हणतेय?" तिने विचारलं. ज्या माणसाबद्दल मला तासाभरापूर्वी काही माहीत नव्हतं, तो गेला हे मला माझ्या आईला सांगायचं होतं. कसं सांगतात? मी म्हटलं, "आई, खाली बस." ती बसली नाही. मग मी सांगितलं.

ती रडली नाही. "हो का," म्हणाली. कोणी पत्ता सांगितल्यावर म्हणावं तसं. मग बहिणीला तिच्या भाषेत काहीतरी विचारलं आणि बहिणीने हिरवं दार उघडलं.

आत एक लांब टेबल. त्यावर एक पुस्तक अर्धं शिवलेलं, सुई शेवटच्या फर्म्यात, पानांच्या शेवटच्या जुडीत, तशीच. खळीच्या वाडग्यात ब्रश उभा वाळून दगड झालेला. आईने तो ब्रश उचलला, नळाखाली धरला आणि बोटांनी केस सोडवत राहिली, कितीतरी वेळ. पाणी वाहत होतं. "ब्रश असा ठेवत नाहीत," म्हणाली. "त्यांनी कधीच ठेवला नसता." आणि मग ती रडली. नळ तसाच चालू. बहिणीने तिला मागून धरलं. दोघी एकमेकींना पहिल्यांदा भेटत होत्या. मी दारात उभी होते. आत जावं की नाही, मला कळेना.

आम्ही बहिणीच्या माडीवर उतरलोय. तिने सूप केलं, समोर बसून आईला भरवल्यासारखं पाजलं. माझ्याशी खुणांनी बोलते, गोड आहे. आज सकाळी आईने तिच्याशी बसून ठरवलं. टेबलावरची पुस्तकं लोकांची आहेत, ती पुरी करून द्यायची आणि मगच निघायचं. मी म्हटलं, मी थांबते. उरलेल्या गाड्यांची तिकिटं रद्द करू का विचारलं, तर म्हणाली, "कर. घरी विमानानेच जाऊ, लवकर पोचू. आता खिडकीतून बघायचं नाहीये काही."

तेव्हा दादा, तुझं म्हणणं शेवटी खरं झालं. तू जिंकलास असं लिहवत नाही.

मला अजून पटत नाहीये हे सगळं. दोन वर्षं ती आपल्याच घरात, आपल्याच समोर बसून एक अख्खी भाषा शिकली आणि आपण तिला विचारायचो, चहा झाला का. तुला राग येईल. मलाही येतोय, मधूनच, आणि कोणावर ते ठरत नाही. बाबांचं नाव मनात येईल, तेही येऊ दे. पण ते सगळं माझ्यावर काढ. तिने "दादाला मी सांगेन" म्हटलं होतं. तिला आता ते जमणार नाही, म्हणून मी सांगितलं. तिच्या परवानगीने. लिहू का विचारलं, तर म्हणाली, "लिही. सगळं लिही. मला पुन्हा बोलायला लावू नका."

आता ती खाली टेबलाशी बसलीय. सुईत दोरा जात नाही, म्हणून मला हाक मारतेय. जाते.

संध्याकाळी फोन कर. लगेच काही विचारू नकोस. आधी नुसतं म्हण, "आई, जेवलीस का?" बाकी ती सांगेल तेवढं ऐक. आणि दादा, मध्ये बोलू नकोस.

वहिनीला जप.

तुझी,
शेपूट