कौसल्येची काच

२ फेब्रुवारी १९५३

स्टुडिओचं कुलूप काढतो तोच बोलावणं. गांधीबागेतल्या एका कापडवाल्याचे वडील पहाटे गेले. ऐंशीच्या घरातला माणूस, घरात कापडाचे ढीग, पण फोटो एकही नाही. आता तिरडी थांबवून माझी वाट पाहत बसले होते. म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवलं. धाकट्याने मागून मान धरली, त्याचा हात उपरण्याखाली झाकला. कॅमेऱ्यात घालून दोन काचांवर फोटो घेतले.

थोरला म्हणाला, "मास्तर, डोळे उघडे पाह्यजेत बरं."

सगळे हेच म्हणतात. विचारलं, डोळे कसे होते त्यांचे? तिघे मुलगे एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला लागले. शेवटी दाराआडून सून बोलली, "डावी पापणी जराशी खाली राहे त्यायची."

५ फेब्रुवारी

काच औषधात धुतली. प्रिंट स्वच्छ आली. बसलो ब्रश घेऊन. मिटल्या पापणीवर पांढरा थेंब, त्यात काळा, काळ्यावर उजेडाचं टिंब. उघडले डोळे. पापणी खाली दाखवली असती तर ब्रश घसरला म्हणाले असते, म्हणून दोन्ही सारखेच काढले. स्टुडिओचे मालक खूश. "मेलेल्याचे डोळे उघडावे तर तुमीच, मास्तर." हे माझं कसब. बापाचा हातमाग सोडून बारा वर्षांत मी काय शिकलो, तर हे.

घरी कौसल्येला परत धाप. शेजारच्या विणकरांच्या सुताच्या कांड्या भरून देते, त्यातही दोनदा रहाट थांबवला.

१० फेब्रुवारी

कौ.ला इस्पितळात नेलं. डॉक्टर पोरसवदा, पण मन लावून ऐकलं त्याने, नळी कितीतरी वेळ छातीवर. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? आला होता, उमरेडला माहेरी असताना. तेव्हाच काळजाची झडप बिघडली म्हणे. व्हरांड्यात मला एकट्याला सांगितलं. दुरुस्त होणारं नाही. दिवस म्हणाल तर दिवस, वर्ष म्हणाल तर वर्ष.

टांग्यात कौ.: "काय म्हणे डाक्टर?"

"म्हणे आराम कर."

"खोटं बोलता येत नाई तुमाले, मंग कायले बोलता?"



११ फेब्रुवारी

लाज वाटते लिहायला. काल व्हरांड्यात पहिला विचार आला तो हा, की हिचा एकही फोटो नाही. वीस वर्षांचा संसार, नवरा फोटोवाला, आणि बायकोचा फोटो नाही. उद्या काही झालं तर मीच तिला भिंतीला टेकवणार. मीच ब्रश घेऊन बसणार. मग तेच ते थेंब.

नाही. जिवंतपणी काढायचा. तिचे डोळे तिचेच हवेत.

१४ फेब्रुवारी

विचारलं. म्हटलं, स्टुडिओत चल, नाही तर कॅमेरा घरी आणतो.

"नाई."

काहून वं? तर उठली, उतरंडीमागे हात घातला आणि बाबूचा फोटो काढून माझ्या मांडीवर ठेवला. आठ वर्षं भिंतीकडे तोंड करून होता तो. आमचा बाबू, तीन वर्षांचा, देवीत गेला. तेव्हा मीच काढला होता, डोळेही मीच उघडले होते. रात्रभर जागून, रडत रडत. मला वाटायचं तिला तो पाहवत नाही म्हणून मागे ठेवते.

"हे त्याचे डोळे नोहेत," ती म्हणाली.

"दुःखात काढले, कौसे. हात कापत होता."

"हात खरंच कापला असता तं बरं झालं असतं." मग थांबली, श्वास घेतला. "पलीकडच्या गल्लीत हळदीकुंकवाले गेली होती, मागच्याच सालची गोष्ट. त्यायच्या घरी भिंतीवर म्हाताऱ्या आजीचा फोटो. तुमीच काढलेला. पाहिलं तं माह्या बाबूचे डोळे. त्या म्हातारीले. सगळ्यायले तेच डोळे देता तुमी."

 

१५ फेब्रुवारी

स्टुडिओत मेलेल्यांच्या जुन्या प्रिंट काढून ओळीने मांडल्या. चौदा माणसं. बाया, बाप्ये, लेकरं. चौदांनाही एकच नजर. कापडवाल्यांचे वडीलही त्यात. ती सून काय म्हणाली असेल फोटो पाहून? काही नाही. दाराआड राहिली असेल.

बाबूचे डोळे खरे कसे होते ते आठवायचा प्रयत्न केला. आठवतात ते मी काढलेलेच.

१८ फेब्रुवारी

काल कौ. म्हणाली, "मेलेल्यायचे डोळे उघडता, जित्याकडे कवा पाहता?" टोमणा नव्हता. खरंच विचारत होती.

तेव्हा ठरवलं. कॅमेरा नाही तर नाही. रोज एकदा नीट पाहायचं आणि इथे लिहायचं. जो फोटो काढता आला असता पण काढला नाही, तो. राहिलेला.

राहिलेला: कौ. कांडी भरताना दोरा तुटला की दातात धरते आणि जोडते. दोरा ओठाला चिकटून राहतो. तिला माहीत नसतं.

२० फेब्रुवारी

राहिलेला: पायावर सूज. बोट दाबलं की खळगा पडतो आणि हळूहळू भरतो. ती स्वतःच दाबून पाहत होती, भाकरी भाजली की नाही पाहावी तशी.

हा कसला सुंदर? पण पाहिला मी.

२६ फेब्रुवारी

एक लग्नाचा, दोन पासपोर्टचे. नवरी लाजेने मान वर करेना. एरवी मी हनुवटी धरून वर करायला लावतो, आज तशीच राहू दिली. मालक रागावले. "तोंडच दिसून नाई राहिलं, मास्तर!" म्हटलं, अशीच आहे ती. मालकांना वाटतं बायकोच्या आजाराने माझं डोकं फिरलं. असेलही.

राहिलेला: आमच्या गल्लीत मागावर चढवायच्या सुताचा ताणा पसरला होता, तांबडा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याखालून कोंबडी गेली. एकही धागा हलला नाही.

९ मार्च

दहा दिवस लिहिलं नाही. कौ.ला आडवं होता येत नाही. अंथरुणाची गुंडाळी पाठीशी देऊन बसूनच झोपते. रहाट बंद. रहाटाचा आवाज गेल्यावर घर किती मोठं वाटतं. दोन खोल्या आणि पडवी, त्यात बापाचा बंद माग. तेवढंच घर.

राहिलेला: बसून झोपलेली. तोंड जरा उघडं. मी जवळ जाऊन श्वास पाहिला. तिने डोळे न उघडताच म्हटलं, "हावो हावो, जिती हाये."

२२ मार्च

सक्करदऱ्याच्या तलावापर्यंत टांग्याने नेलं, तिनेच हट्ट केला. अर्धा तास बसलो. पाणी उतरलंय. ती म्हणाली, बाबूला एकदा इथे आणलं होतं, सूर्य पाण्यात पाहून त्याने डोळे असे बारीक केले होते. तिने करून दाखवलं. डावा जास्त, उजवा कमी.

आठ वर्षांनी दिसला मला माझा मुलगा. तिच्या तोंडावर. तिथेच रडलो, टांगेवाल्यादेखत.

घरी येऊन ब्रश घेतला. मग ठेवून दिला. आता हात लावायचा नाही त्या फोटोला.

४ एप्रिल

आज आपणहून बोलली. "काढा माहा फोटो."

मी उठून तिच्याजवळ जाऊन बसलो.

"पण मी हाये तवर धुवायचा नाई. आन् डोळ्याले ब्रश लावायचा नाई. मिटले आले तं मिटले राहू द्या."

"धुवायचा नाही? मग कशाला काढायचा वं?"

"तुमाले पाह्यजे ना? मंग नंतर पाहा. आता मी हाये ना, आता मलेच पाहा."

कबूल झालो. दुसरं काय करणार.

७ एप्रिल

मालकांना सांगून स्टुडिओचा मोठा कॅमेरा घरी आणला. तिला खिडकीजवळ बसवलं. मी म्हणालो ठेवणीतलं नेस. ती तिच्या बापाने विणलेलं लुगडं नेसली, काठ विरलेले. पदर सारखा करायला गेलो, हात झटकला माझा. काळ्या कापडाखाली शिरलो. काचेवर ती उलटी दिसली, डोकं खाली, आणि तरी तीच. नीट बसवलं सगळं.

काच घातली. भिंगाची टोपी काढली. चारपर्यंत मोजायचं होतं. एक, दोन.

तेवढ्यात खिडकीवरून कोणी गेलं आणि उजेड हलला. मी खिडकीकडे पाहिलं. बारा वर्षांची सवय. माणूस जागेवर असतं, उजेड पळतो, म्हणून नजर उजेडावर. तीन, चार. टोपी लावली.

वळलो तेव्हा ती माझ्याकडे पाहत होती. हसत होती थोडीशी.

"नाई पाहिलं ना तुमी?"

"डोळे उघडे होते का तुझे?"

"सांगत नाई."

दुसरी काच घेतो म्हटलं. म्हणाली, एकच. एकच कबूल केली होती.

दोन महिने पाहायला शिकत होतो आणि नेमकं त्या चार आकड्यांत खिडकीकडे पाहिलं. मेल्या, तुझ्या कर्माला काय म्हणावं.

८ एप्रिल

काच काळ्या कागदात, कागद बिस्किटाच्या डब्यात, डब्याला पट्टी. माठाखालच्या वाळूशेजारी ठेवला, तिथेच काय तो गारवा. न धुतलेल्या काचेला ऊन बाधतं. वरून काही कळत नाही, आत चित्र विटत जातं. नागपूरचा उन्हाळा, आणि अजून मे यायचाय.

मालकांनी विचारलं, काच कुठाय? म्हटलं, फुटली.

२५ एप्रिल

जेवण दोन घास. ओठ निळसर. डॉक्टर घरी येऊन गेला, आज तरुण दिसला नाही.

राहिलेला: तिने माझ्या शर्टाचं बटण लावलं. सुईत दोरा ओवायला तीनदा थांबली. मी घेतो म्हटलं, दिली नाही.

९ मे

पत्रा तडतडतो दुपारी. माठाला ओलं फडकं, दाराला ओलं पोतं. डबा दिवसातून चारदा हात लावून पाहतो, तापला का. आज हात लावताना कळलं की मी कशाची काळजी घेतोय. ती काच चांगली राहावी म्हणजे मला ती धुवायला मिळावी. धुवायला मिळावी म्हणजे...

डबा उचलला. पडवीत मागाच्या आडव्या लाकडावर नेऊन ठेवला. वर पत्रा, हात टेकवत नाही इतका तापतो. होऊ दे खराब. विटून जाऊ दे सगळं. मला नाही पाहायचं त्यात काय आहे ते. ती राहू दे. वेडेपणा आहे हे मला कळतं.

१४ मे

"डबा कुठं हाये?" कौ.ने विचारलं.

"आहे."

"माठापाशी नाई."

  तिने पडवीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी बसली होती ना तुमच्यासाठी. उगाच बसली का?"

१६ मे

दुपारी लवकर सुटलो. स्टुडिओत लक्ष नव्हतं. गल्लीत चिटपाखरू नाही. पडवीच्या दाराशी आलो आणि थबकलो.

महिनाभर उंबऱ्यापर्यंत न आलेली बाई पडवीत उभी होती. एक हात मागाच्या खांबाला. डबा कडेवर, लेकरू घ्यावं तसा, पदराने धरलेला कारण डब्याचा पत्रा तापलेला. एक पाऊल, मग थांबायची. भिंत धरायची. पुन्हा एक. मी हाक मारली नाही. धावलोही नाही. धावायला हवं होतं का? अजून कळत नाही. दारात उभा राहून पाहिलं, पहिल्या पावलापासून माठापर्यंत, तिचा घाम, तिचे उघडे डोळे, खाली वाकताना दाताखाली धरलेला ओठ. पाठीमागून उजेड हलला, कोणीतरी गल्लीतून गेलं. मी वळलो नाही.

राहिलेला: हा.

डबा आता वाळूशेजारी आहे. तिची धाप संध्याकाळपर्यंत उतरलेली नाही. डॉक्टरला निरोप धाडलाय, अजून आला नाही.