दादाचा स्वेटर

प्रिय धाकटे,

परवा तुझा फोन ठेवला आणि गॅसवरचा चहा आटून गेला. तू म्हणालीस की दादा आला होता, त्याच्या शिलाई मशीनच्या तेलाचा वास अगदी तस्साच आला. पाच महिने झाले त्याला जाऊन, माझ्याकडे एकदाही फिरकला नाही. बावीस वर्षं संसार माझ्याशी केला, आणि आता जातो कुठे, तर तुझ्या त्या ध्वनिउपचारवाल्या बाईंकडे!

मी दर बुधवारी समुपदेशक बाईंकडे जाते, तुला ठाऊक आहे. दोन खुर्च्या, मध्ये टिश्यूचा डबा, घड्याळ माझ्या पाठीमागे. बाई चांगल्या आहेत. उगाच धीर देत नाहीत, विचारतात आणि थांबतात. मी शाळेच्या कार्यालयात चौकशीला उत्तरं देते तशी देते. झोप बरी, जेवण बरं. आठ बुधवार झाले, टिश्यूला हात लावला नाही. तू मात्र चटईवर आडवी होतेस, तुझ्या बाई छातीजवळ धातूचे वाडगे वाजवतात आणि तू ढसाढसा रडून हलकी होऊन येतेस. वर मलाच सांगतेस, वहिनी, नुसतं बोलून काय होणार, शरीरातून निघायला हवं. नुसता जळफळाट झाला माझा.

आता खरं सांगते. त्या वाडगेवाल्या बाईंना दादाच्या अंगावरचं काहीतरी हवं होतं, म्हणून तू स्वेटर मागितलास. मी दिला तो त्याचा नव्हता. आमच्या पी.टी.च्या सरांचा होता, हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यातला. रंग तोच तपकिरी. दादानं नवा घेतला होता, तू पाहिला नसशील, असं धडधडीत खोटं बोलले. म्हटलं, बघू आता कसा येतो! सर अजून रोज मैदानावर शिट्टी फुंकतात, आणि तुझा दादा त्यांच्या स्वेटरमधून आला.

आधी हसू आलं. मग जास्तच जळले. तुला त्याचा स्वेटरसुद्धा लागत नाही. खरा माझ्या उशीच्या अभ्र्यात आहे, न धुतलेला, आणि मी ही अशी कोरडी.

या बुधवारी हे सगळं माझ्या बाईंना सांगितलं. वाटलं, तुझ्या वाडग्यांना नावं ठेवतील. तेवढाच मला आनंद. त्यांनी ठेवली नाहीत. फक्त विचारलं, कुणासमोर रडावंसं वाटतं? मी मागे वळून घड्याळ पाहिलं, वेळ संपली होती. जिना उतरताना तू आठवलीस. दवाखान्यातून आलो त्या दिवशी तू माझ्या खांद्यावर रडत होतीस आणि मी त्याच्या फाइलीतले कागद तारखेप्रमाणे लावत होते.

म्हणून लिहितेय. रविवारी ये. सरांचा स्वेटर आठवणीनं आण, थंडी पडल्यापासून ते शोधताहेत. खरा मी पलंगावर काढून ठेवते. उजव्या कोपराला तेलाचा डाग आहे. घेऊन जा, भाऊ तुझाच. पण आधी इथे माझ्याजवळ बसून रड. वाडगेही आण हवे तर. टिश्यूचा डबा मी आणून ठेवलाय, दोघींना पुरेल.

तुझीच, खोटं बोललेली
वहिनी