मेन स्विचचा कार्यभार

३ मार्च, सकाळी

काल तळ्याकाठच्या मैदानावर सुखरूप आगमन झाले. मोटारीमागे ओढण्याचे आमचे चाकांवरचे घर, म्हणजे ट्रेलर, पाणसळ लावून समतल उभे केले. पलंग, शेगडी, छोटा फ्रिज, छपरावर सोलर, पलंगाखाली बॅटरी. निवृत्त माणसास याहून अधिक काय हवे?

सौ.ला समुद्र हवा आहे. तो येथून दोन दिवसांच्या वाटेवर आहे. लग्न झाल्यापासून ती त्याचे नाव घेत आहे. परंतु कारखान्याचे दिवे मालवून, मेन स्विच खाली करून सर्वांत शेवटी बाहेर पडणारा इसम मी. मला रजा कोण देणार? कामगार मला पाठीमागे ‘मेनस्विच’ म्हणत. मी तो आदर समजतो.

फ्रिजमध्ये सौ.चे इन्सुलिन आहे. कन्येने अट घातली आहे की, फ्रिज एकदा जरी बंद पडला तरी ती येऊन आईला घरी नेईल आणि ट्रेलर विकायला काढील. अट मान्य केली. माझ्या देखरेखीखाली वीज संपणे शक्य नाही.

न्याहारीनंतर शिस्तीप्रमाणे दाराजवळचा लाल मेन स्विच बंद केला. दिवेलागणीस चालू करीन. फ्रिजची वायर विकणाऱ्याने थेट बॅटरीला जोडली असल्याने त्यास बाधा नाही. स्विच फिरवताच सोलरच्या डब्यावरचा हिरवा दिवाही निमूटपणे विझला. हाताखालच्यांनी असेच वागावे.

४ मार्च, संध्याकाळी

बॅटरीचा काटा निम्म्यावर! कसून तपास केला. गुन्हेगार सापडला: सौ.चा रेडिओ. जप्त केला. सौ. म्हणाली, अहो, तो सेलवर चालतो. मी म्हणालो, तत्त्वाचा प्रश्न आहे.

५ मार्च

काटा आणखी खाली. रात्री एकच दिवा लावला, तोही सौ.चे पुस्तक मिटेपर्यंतच. ते मीच मिटवले.

सौ. म्हणते, ट्रेलरची माहितीपुस्तिका तरी वाचा. मी चौथी पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण आहे. पुस्तिका ज्यांना स्वतःचे डोके नाही त्यांच्यासाठी असतात.

शेजारच्या ट्रेलरमध्ये एक निवृत्त नर्सबाई एकट्याच राहतात. त्यांच्याकडे दिवसभर पंखा, संध्याकाळी गाणी, ओट्यावर विजेची किटली. त्यांनी विचारले, आजोबा, काही मदत हवी का? आजोबा! बाई माझ्याहून फार तर चार वर्षांनी लहान असतील. नको म्हणालो. अशी उधळमाधळ करणाऱ्यांचे काय होते ते लवकरच दिसेल.

सौ. मात्र सारखी त्यांच्याकडे जाते. पिशवी घेऊन जाते. बायकांना निमित्त लागते.

६ मार्च

बॅटरीच्या टोकांवर पांढरट थर आढळला. दात घासण्याच्या ब्रशने स्वच्छ केला. ब्रश सौ.चा होता, हे कार्य सिद्धीस गेल्यावर लक्षात आले.

वाकताना कंबर धरली. पलंगावरच आहे.

७ मार्च, संध्याकाळी

काल दिवेलागणीस मेन स्विच कसाबसा चालू केला; तेव्हापासून उठता आले नाही, म्हणून आज तो दिवसभर तसाच चालू राहिला. मन खात होते. सौ.ला बंद कर म्हणालो, तर म्हणाली, राहू द्या हो एक दिवस.

तरीही काटा पूर्ण भरलेला! ब्रशचा प्रताप. हिरवा दिवा दिवसभर लुकलुकत होता, त्याचाही त्रास झाला नाही, इतके काम पक्के झाले आहे.

कन्येस फोनवर कळवले की, वडिलांनी दोष मुळापासून उपटला आहे. परवा समुद्राकडे प्रस्थान. सौ. हसली. बऱ्याच दिवसांनी.

८ मार्च

कंबर बरी. शिस्तीत खंड पडला होता तो भरून काढण्यासाठी आज न्याहारीपूर्वीच मेन स्विच बंद केला.

काटा निम्म्यावर. मोजमाप चुकले असावे. काट्याच्या काचेवर टिचकी मारून पाहिली. आणखी खाली गेला. पुन्हा टिचकी मारणार नाही.

९ मार्च, सकाळी

प्रस्थान पुढे ढकलले. कारण: हवामान. सौ. म्हणाली, आभाळ तर स्वच्छ आहे. मी म्हणालो, म्हणूनच संशय येतो.

कन्येचा फोन. फ्रिज चालू आहे ना, बाबा? म्हणालो, घोड्यासारखा. वस्तुतः तो मधूनमधून घरघरतो आणि गप्प होतो. तो गप्प झाला की मी त्याच्या दाराला कान लावून उभा राहतो.

९ मार्च, दुपारी

फ्रिज बंद. पूर्ण बंद.

सौ. नर्सबाईंकडे. तिला कळता कामा नये. इन्सुलिनचा डबा आत आहे. दार उघडले तर गारवा जाईल, न उघडले तर किती उरला ते कळणार नाही. शेवटी उघडले. डबा कोमट. दोन टॉवेल भिजवून डब्याभोवती गुंडाळले. तिसरा टॉवेल माझ्या घामालाच लागला.

मैदानाच्या दुकानात बर्फासाठी गेलो. दुकानदार म्हणाला, बर्फ संपला, आइस्क्रीम आहे. दोन कांड्या आणून डब्याला टेकवल्या. वितळल्या. डब्यावर आता व्हॅनिला आहे.

तिची सुई जेवणाआधी असते. जेवण लांबवावे काय? भुकेली राहिली तर साखर उतरेल, सुई चुकली तर चढेल. चौथीत हे गणित नव्हते.

सांगितलेच पाहिजे. पन्नास वर्षे ती माझ्या मेन स्विचवर विसंबून राहिली. आता काय तोंड दाखवू?

९ मार्च, सायंकाळी

डबा टॉवेलासकट हातात घेऊन नर्सबाईंच्या दारात उभा राहिलो. सौ. आत टेबलाशी बसून शांतपणे पोटात सुई घेत होती. मी डबा पुढे केला. ती म्हणाली, अहो, तो रिकामा आहे. औषध पाच तारखेपासून बाईंच्या फ्रिजमध्ये आहे. तुमचा जीव त्या डब्यात अडकला होता, म्हणून तो तिथेच राहू दिला.

नर्सबाई म्हणाल्या, आजोबा, बसा, तुमचाच रक्तदाब बघते. बघितला. त्यांनी आकडा सांगितला नाही.

सौ.ने कन्येस आधीच फोन केला होता. माझ्यासमोर पुन्हा केला: तुझे बाबा रिकाम्या डब्याला आइस्क्रीम चारत आहेत, ये.

१० मार्च, सकाळी

कन्या आली. पडदे ओढलेले, ट्रेलरमध्ये अंधार, म्हणून दाराजवळ चाचपडत तिने लाल स्विच फिरवला. सोलरचा हिरवा दिवा लागला. तिने स्विच बंद केला, दिवा विझला. चालू केला, लागला. तिने तीनदा असे केले आणि माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, बाबा, दिवसा हा बंद असेल तर ऊन बॅटरीत शिरणार कुठून?

मी म्हणालो, प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

ट्रेलर विकायचा की नाही यावर दोघींची चर्चा झाली. मला बाहेर खुर्ची दिली होती. सौ.चा आवाज ऐकू आला: विकायचा नाही. मी समुद्र बघणार, आणि त्यांनाही दाखवणार. मग तिने बाहेर येऊन सांगितले की, कन्येने एका अटीवर मान्य केले आहे.

१० मार्च, संध्याकाळी

कामाचा वाढता व्याप लक्षात घेता, मेन स्विचचा कार्यभार आज रोजी स्वेच्छेने सौ.कडे सोपवला. या स्विचची लाल मूठ उपसून काढता येते. ती चालू ठेवून सौ.ने उपसली आणि पर्समध्ये, इन्सुलिनच्या सुईशेजारी ठेवली.

काटा भरत आहे. उद्या समुद्राकडे. रेडिओ परत मिळाल्यामुळे तो मोठ्याने चालू आहे. सगळे दिवे लागले आहेत, मोरीतलासुद्धा.

झोपण्यापूर्वी सवयीने उठून दाराशी गेलो, हात भिंतीवर नेला. तेथे एक भोक आहे. बोट आत जाते. फिरत नाही.